‘स्वखुशीने’ या शब्दाविरुद्ध

“प्रकृती ठीक नसल्याने मी स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे.” हे वाक्य आमच्या पनवेल परिसरातील अनेक घरांना पाठ आहे. ते सहसा घरधन्याने रचलेले नसते. कार्यालयातील कोणीतरी कागद पुढे सरकवतो, बोटाने जागा दाखवतो आणि थकलेला माणूस तेथे सही करतो. या एका वाक्यात दोन असत्ये आहेत असे आम्ही म्हणतो. पहिले ‘स्वखुशीने’, कारण फुप्फुसे निकामी होणे ही कोणाचीही खुशी नव्हे. दुसरे ‘राजीनामा’, कारण ज्याचे शरीरच काम सोडून गेले, त्याने नोकरी सोडलेली नसते.

तळोजा, रसायनी, पाताळगंगा ही नावे आमच्या तालुक्यात आणि शेजारी भाकरीची नावे म्हणून उच्चारली जातात. रसायनांची पिंपे, भट्ट्या, बाष्पक आणि रात्रपाळ्या यांनी येथील कित्येक मुलांची शिक्षणे केली. पण कायम नोकरीचा तो काळ सरत चालला. रसायनीचा हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सचा सरकारी कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१७ मध्ये घेतला, आणि सगळीकडे ठेकेदाराचा माणूस हीच कामगाराची ओळख होऊ लागली. अशा माणसाला आजारपणी कोणता हक्क आहे हे त्याला कोणी सांगत नाही. म्हणून ते येथे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झाली. मालकाच्या वर्गणीतील ८.३३ टक्के वाटा दरमहा तिच्यात जमा होतो. सर्वसाधारणपणे दहा वर्षांची सेवा आणि ५८ वर्षांचे वय झाल्यावर निवृत्तिवेतन मिळते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. याच योजनेत कायमच्या व संपूर्ण अपंगत्वासाठी स्वतंत्र तरतूद आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तिला दहा वर्षांची अट नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. अपंगत्व कामावरच्या अपघातानेच आले पाहिजे असेही नाही. माणूस अंथरुणाला खिळलेला असला पाहिजे, हात-पाय गमावलेला असला पाहिजे, हा तर निव्वळ गैरसमज होय. अपंगत्व आले त्या वेळी तो जे काम करीत होता, ते करण्यास तो कायमचा व पूर्णतः असमर्थ झाला आहे काय, हे वैद्यकीय मंडळाने पाहावयाचे असते.

परंतु एक अट आहे, आणि सारा अनर्थ तिच्यापाशी घडतो. अपंगत्व सेवेत असताना आलेले असले पाहिजे. स्वखुशीचा राजीनामा आधी दिला आणि आजाराचे कागद मागाहून शोधले, तर जे दार उघडे होते ते त्याने स्वतःच्या सहीने लोटून घेतले असे होते.

आकडेच पाहू. पंधरा हजार रुपये वेतनावर सात वर्षे काम केलेला एक कामगार समजा. वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागावयाचे, हे या योजनेचे सूत्र आहे. त्याप्रमाणे अपंगत्वाचे निवृत्तिवेतन महिना १,५०० रुपये होते. तेही तहहयात, आणि त्याच्या पश्चात पत्नीला व लहान मुलांनाही आधार राहतो. तोच माणूस राजीनामा देऊन गेला, तर दहा वर्षे न भरल्यामुळे निवृत्तिवेतन नाही. जमा रकमेपोटी एकदाच काही पैसे मिळतात, ते औषधांत संपतात. ज्याची दहा वर्षे भरली आहेत त्याला पन्नाशीनंतर मुदतपूर्व निवृत्तिवेतन घेण्याचा सल्ला मिळतो. पण ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या वेळा चार टक्के कपात होते, आणि ती कायमची असते. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनात ही कपात नाही.

यावर मालकवर्गाकडून सांगण्यात येते की, कारखाना म्हणजे धर्मशाळा नव्हे. मान्य. परंतु हे पैसे मालकाच्या गल्ल्यातून जावयाचे नाहीत. ते निधीत केव्हाच भरलेले आहेत, आणि ते कामगाराच्या श्रमाचे आहेत. मग राजीनाम्याची एवढी घाई कशासाठी? आजार कशामुळे जडला हा प्रश्न विचारला जाऊ नये, यासाठी तर नव्हे? खोटे आजारी होऊन लोक फसवतील अशीही भीती घातली जाते. ती पारखण्यासाठीच वैद्यकीय मंडळ आहे. चोर येतील म्हणून कोणी धान्याचे कोठार बांधावयाचे थांबत नाही.

सरकारी सेवकाला निराळा न्याय आहे. राज्य शासनाच्या सेवकाला ‘रुग्णता निवृत्तिवेतन’ आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सेवेत अपंगत्व आलेल्यास सरकारी आस्थापनेने काढून टाकावयाचे नाही. दुसरे काम द्यावयाचे, वेतन तेच ठेवावयाचे. अशाच जुन्या तरतुदीखाली पंजाब वीज मंडळातील एका लाइनमनचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. दृष्टी गेल्यावर त्याने स्वतःच निवृत्ती मागितली व पत्नीला नोकरी द्यावी अशी विनंती केली. मंडळाने त्याला निवृत्त केले. त्याचे हक्क त्याला समजावून सांगणे हे वरिष्ठांचे कर्तव्य होते, असे न्यायालयाने २००८ मध्ये बजावले. अज्ञानातून केलेल्या सहीचा लाभ बलवानाने उठवू नये, हे ते तत्त्व होय. ते तळोज्याच्या ठेकेदाराला का लागू नसावे?

आता थोडे घरात पाहू. आपल्या धर्मग्रामात कोणी असा घरी बसला की आपण काय करतो? तांदूळ देतो, औषधाला पैसे देतो, मिस्सेत त्याचे नाव घेतो. हे सारे चांगलेच आहे. परंतु जो हक्कदार आहे त्याला याचक करून ठेवणे ही दया अपुरी आहे. शोमरोनी माणसाने जखमा बांधल्या, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने उतारशाळेत खर्चाची व्यवस्था लावली आणि परतताना हिशेब पुरा करण्याचा शब्द दिला. व्यवस्था लावणे हासुद्धा प्रीतीचाच भाग आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक विश्वपत्रात वृद्धापकाळ आणि कामावरील अपघात यांसाठीचे निवृत्तिवेतन हा कामगाराचा हक्क म्हणून सांगितला. आणि त्या पत्रावर अखेरचा हात त्यांनी गोळीबाराच्या जखमांतून उठल्यावर, इस्पितळातून परतून फिरवला होता.

‘क्रूस आहे, मुकाट्याने वाहावा’ असे काही वडीलधारे म्हणतात. आजार क्रूस असेल. परंतु दुसऱ्याने लबाडीने लिहवून घेतलेला कागद हा क्रूस नव्हे. थांबणे ही शरमेचीही गोष्ट नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी, जागतिक रुग्णदिनीच, शक्ती उरली नाही म्हणून पद सोडत असल्याचे जाहीर केले. जे पेत्राच्या आसनावर बसलेल्यास लाजिरवाणे नव्हते, ते बाष्पकापाशी उभ्या असलेल्यास का असावे?

या योजनेची किमान रक्कम २०१४ साली महिना १,००० रुपये ठरली आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ तेवढीच राहिली. तिच्यात एका माणसाची औषधेही होत नाहीत. ती वाढलीच पाहिजे, आणि ती मागणी करणाऱ्या वृद्धांच्या पाठीशी आपण उभे राहिले पाहिजे. मात्र तोपर्यंत जे आहे ते तरी गमावू नये. आजारी माणसाने कोणत्याही कागदावर त्याच दिवशी सही करू नये. राज्य कामगार विमा असेल तर आधी त्याची आजाररजा घ्यावी. डॉक्टरांचे कागद सेवेत असतानाच जमवावेत, आणि निवृत्तिवेतनाचा १०-डी हा अर्ज अपंगत्वाच्या कारणाने भरावा. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासोबत लिहिता येणाऱ्या शेजाऱ्याने जावे. धर्मग्रामातील शिकलेल्या तरुणांनी महिन्यातील एक रविवार या कामाला दिला, तर कित्येक चुली हक्काच्या पैशावर पेटतील.