लक्ष नाही की शुद्ध नाही?

फिट म्हटलं की हातपाय झाडणं, तोंडाला फेस आणि नाकाशी कांदा एवढंच आपल्याला आठवतं. पण काही मुलांची फिट अगदी गुपचूप येते. मूल बोलता बोलता थांबतं, ५-१० सेकंद शून्यात बघतं, पुन्हा लिहू लागतं. असं दिवसातून कितीतरी वेळा. वर्गात मात्र "लक्ष कुठाय?" म्हणून ओरडा खातं.

हा घोळ सुटतो मेंदूच्या आलेखाने, म्हणजे ईईजीने. माणसाच्या मेंदूतल्या लहरी जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली प्रथम नोंदवल्या. १९३५ साली अमेरिकेत या झटक्यांची खूण सापडली: सेकंदाला सुमारे ३ वेळा टोक आणि लाट. मुलाला ३ मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला, की बहुधा झटका तिथेच पकडला जातो. सुई नाही, दुखणं नाही.

कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरून तपासणीला शहर गाठायचं म्हणजे आईबापांची मजुरी बुडते. म्हणून सुरुवात शाळेत व्हावी. आरोग्य तपासणीत डोळे-दात बघतात, तसं बाईंना, गुरुजींना विचारावं, "कुणी मूल मध्येच थबकतं का?"

हे झटके औषधाने बहुतेकदा आटोक्यात येतात. 'ढ' हा शिक्का मात्र पुसता पुसत नाही.