काळोखातील नाटक

नाटक म्हटले की रंगमंच आणि दिवे डोळ्यांपुढे येतात. तथापि नाटकाला उजेड हवाच, असे नाही. १५ जानेवारी १९२४ रोजी ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीने लंडनहून रिचर्ड ह्यूज यांची 'डेंजर', म्हणजे 'संकट', ही नाटिका नभोवाणीवर सादर केली. खास नभोवाणीसाठी लिहिलेल्या अगदी पहिल्या नाटकांत तिची गणना होते. वेल्समधील कोळशाच्या खाणीत दिवे अकस्मात विझतात. खाण पाहण्यास आलेले एक तरुण, एक तरुणी व एक वृद्ध गृहस्थ आत अडकतात. पुढे पाणी चढू लागते, असे तिचे कथानक. श्रोत्यांनी घरातील दिवे मालवून ती ऐकावी, असे सुचविण्यात आले होते. त्यामुळे पात्रे आणि श्रोते एकाच काळोखात आले. न दिसणे ही नभोवाणीची उणीव. तीच लेखकाने आपले बळ केली.

असा प्रयोग मुलांना घरीही करता येईल. सुपात तांदूळ घोळले की पाऊस पडतो, करवंट्या आपटल्या की घोडा दौडतो, पत्रा हलविला की मेघ गर्जतात. दाराखालची फट मात्र कापडाने बुजवावी. डोळे २० ते ३० मिनिटांत काळोखाला हळूहळू सरावतात आणि आरंभी न जाणवलेली तिरीप मग ठळक दिसू लागते. काळोखात श्रोता केवळ प्रेक्षक उरत नाही. सारा देखावा तो स्वतःच्या मनात उभा करतो.

परंतु येथेच एक मोह होतो, तो म्हणजे दुसऱ्याला दचकविण्याचा. काळोखात कोणालाही दचकविता येते. त्यात कला नाही. कोणी म्हणेल, संकटाच्या नाटकात भीती नको काय? भीती अवश्य हवी. पण ती खाणीत अडकलेल्या पात्रांसाठी वाटावी, शेजारी बसलेल्या भावाच्या हाताची वाटू नये.

१९२४ सालच्या श्रोत्याला वाटेल तेव्हा उठून दिवा लावता येत होता. तेच स्वातंत्र्य घरच्या श्रोत्यालाही असले पाहिजे. काय घडणार आहे, याची कल्पना सर्वांना आधी द्यावी. वाटेतील सामान हलवावे. मेणबत्ती वा शेगडी जवळ नसावी. एकाने विजेरी हाती घेऊन बसावे आणि कोणी 'थांबा' म्हणताच ती लावावी. धाकटी बहीण भ्याली, तर तिला कोणीही हसू नये.

एवढ्या तयारीने नाटकाची गंमत नाहीशी होईल, अशी शंका काहींना येईल. ती योग्य नव्हे. एका शब्दासरशी उजेड होईल अशी ज्याची खात्री असते, तोच निश्चिंतपणे खाणीत उतरतो. ज्याला तशी खात्री नाही, त्याचे लक्ष गोष्टीकडे नसते; ते दाराकडे असते. दिवा मालविणाऱ्यावर इतरांनी विश्वास टाकलेला असतो. तो राखणे हे नाटक करणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.