पेपर न तपासता आई नापास

आपल्या घरांत बाळंतिणीवर सर्वांत लवकर बसणारा शिक्का म्हणजे "हिला दूधच पुरत नाही." बाळ संध्याकाळी रडलं की खाला म्हणते, "बच्चा भूका है." सासूबाई मान हलवतात, नणंद पावडरचा डबा मागवते. आठवड्याभराची आई नापास! मी शिक्षिका आहे. पेपर तपासल्याशिवाय मी कोणाला नापास करत नाही.

इथे पेपर म्हणजे बाळाचे लंगोट आणि वजनकाटा. पाचव्या दिवसापासून 24 तासांत सहा किंवा अधिक लंगोट लघवीने ओले होतात का? लघवी फिकट आहे का? सुरुवातीची काळी शी जाऊन पिवळी होते का? जन्मानंतर वजन थोडं घटतंच. दोन आठवड्यांत ते भरून येतं का? पुढे रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढतं का? मग दूध पुरतंय. रडणं, छाती मऊ लागणं, दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा दूध मागणं हा कमतरतेचा पुरावा नाही.

चुकीच्या निकालाची शिक्षा मात्र खरी असते. बाळ जितकं ओढतं तितकं दूध तयार होतं. बाटलीने पोट भरलं की बाळ कमी ओढतं, दूध खरंच आटतं, आणि खाला म्हणते, "मैं बोली थी ना!"

दुधाच्या पावडरची जाहिरात करायला आपल्याकडे 1992च्या कायद्याने बंदी आहे. कंपनीला जे करता येत नाही, ते आपण घरात बसून फुकट करतो. आणि आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी येऊन वजन करते, तेव्हा "सब ठीक है" म्हणून तिला दारातूनच वाटेला लावतो.

सूरह बकराच्या 233व्या आयतीतली दूध पाजण्याची दोन वर्षं आपल्या पुरुषांना पाठ आहेत. त्याच आयतीत आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे आणि मुलापायी आईला त्रास होऊ नये असंही बजावलं आहे. ते कोणी आठवत नाही. भाईजान, बायकोला वेळेवर जेवण आणि थोडी झोप मिळते का, एवढं आधी बघा.

कधी दूध खरंच कमी पडतं. लंगोट कोरे राहिले, लघवी गडद झाली, बाळ सुस्त पडून दूधच ओढेना, तर घरगुती सल्ले बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. त्यांनी वरचं दूध सांगितलं तर ते द्या. त्यात आईचा कसलाही कमीपणा नाही.

पण तोवर, ज्याने एकदाही लंगोट बदललेला नाही, त्याने निकाल सांगू नये.