आधी तयार होऊ दे, मग खेळवू

अठरा-एकोणीस वर्षांचा मिडफिल्डर दिसला की आपल्याकडे त्याच्याबद्दलचा निकाल आधीच ठरलेला असतो. पोरगं गुणी आहे, पायात बॉल राहतो, नजर आहे. पण पहिल्या संघासाठी अजून तयार नाही. प्रशिक्षक हे म्हणतात, क्लबचे चालक म्हणतात, गॅलरीत बसणारे जाणकारही म्हणतात. वर्षभरानं पुन्हा तेच वाक्य. तोवर पोरगं बावीस वर्षांचं होतं, खेळ सोडून नोकरी शोधू लागतं, आणि हीच मंडळी सांगतात, ‘आम्ही म्हणत होतोच.’ हा निकाल मला साफ अमान्य आहे. त्यानं आपल्या फुटबॉलचं फार नुकसान केलं आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मग त्यावर घाव घालण्यात अर्थ नसतो, म्हणून विरोधकांचं सगळ्यात बळकट म्हणणं आधी मांडतो. मधल्या फळीची जागा मैदानातली सगळ्यात अवघड. विंगरच्या एका बाजूला रेषा असते, तिकडून त्याच्यावर कुणी येत नाही. मिडफिल्डरवर चारही बाजूंनी माणसं येतात. स्ट्रायकरचा फटका चुकला तर गोलकिक होते. मिडफिल्डरचा पास आपल्याच अर्ध्यात चुकला तर समोरचे दोन-तीन पासांत गोलवर पोहोचतात. त्यात तीस वर्षांच्या कसलेल्या गड्यानं खांदा दिला की सतरा वर्षांचं पोर आडवं होतं. म्हणून ही जागा अनुभवी माणसाची, असा त्यांचा निष्कर्ष.

वर्णन अगदी खरं आहे, पण निष्कर्ष त्यातून निघत नाही. या जागेला लागतं काय, ते पाहा. बॉल येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागं बघून घेणं. पाठ करून न उभं राहता अंग अर्धं वळवून बॉल घेणं, म्हणजे पहिल्याच स्पर्शात पुढची वाट उघडते. बॉल हरवला तर हात वर करून दाद मागण्याऐवजी पुढच्याच क्षणी त्याच्यामागं धावणं. या तिन्ही गोष्टी सोळाव्या वर्षी वयोगटाच्या सामन्यातही दिसतात. ज्याच्यात त्या दिसत नाहीत, त्याला थांबवा, माझी तक्रार नाही. ज्याच्यात दिसतात, त्याला उरते एकच गोष्ट: मोठ्यांच्या खेळात विचाराला मिळणारा कमी वेळ. आणि ही गोष्ट सरावात शिकवता येत नाही. सरावात आपलाच सोबती गुणांसाठी जीव तोडून पायात शिरत नाही. म्हणजे ‘तयार झाल्यावर खेळवू’ असं म्हणणारे ज्या तयारीची वाट बघतात, ती ज्या एका ठिकाणी होते त्याचंच दार ते बंद ठेवतात.

दाखला मुंबईतलाच देतो. मिझोरामचा लालेंगमाविया, ज्याला सगळे अपुइया म्हणतात, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकातल्या भारतीय संघात होता. पुढं नॉर्थईस्ट युनायटेडनं त्याला मधल्या फळीत उभं केलं आणि वीस वर्षांचा असताना संघाचं नेतृत्वही दिलं. इंडियन सुपर लीगमध्ये इतक्या लहान वयात तोवर कुणी कर्णधार झालं नव्हतं. २०२०-२१ चा तो हंगाम. अर्ध्यातून सूत्रं हाती घेतली खालिद जमील यांनी, ज्यांनी त्याआधी अनेक वर्षं मुंबई एफसी सांभाळली होती आणि जे २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले. संघ उपांत्य फेरीत गेला, अपुइया लीगचा सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरला. त्याच वर्षी मुंबई सिटीनं त्याला आणलं. मुंबईच्या मधल्या फळीत तेव्हा मोरोक्कोचा अहमद जाहू होता, वयानं आणि अनुभवानं कितीतरी मोठा. त्या जोडीचा हा संघ एप्रिल २०२२ मध्ये रियाधला आशियाई चॅम्पियन्स लीग खेळला आणि इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ नं हरवलं. त्या स्पर्धेत भारतीय क्लबनं जिंकलेला तो पहिला सामना. विजयी गोल आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा.

इथे दुसरा आक्षेप येतो: मालक निकाल मागतात, निकाल परदेशी मिडफिल्डर देतात, मग पोराला कुठे बसवायचं? सुपर लीगच्या पहिल्या हंगामांत मैदानात सहा परदेशी चालायचे, पुढं पाच झाले, २०२१-२२ पासून चार. ते चौघे कोणत्या जागांवर खेळतात, ते कोणीही सांगेल: स्टॉपर, स्ट्रायकर आणि मधली फळी. मुंबई सिटीनं २०२०-२१ मध्ये दोन्ही मानाचे चषक जिंकले ते जाहू आणि ह्युगो बुमूस यांच्या जोरावर, हे मी नाकारत नाही. पण त्याच क्लबनं लगेच पुढच्या हंगामात जाहूशेजारी वीस वर्षांचा पोरगा आणला. परदेशी माणूस त्याच्या वाटेतला अडथळा ठरला नाही, रोजचा शिक्षक ठरला. जाणता माणूस शेजारी असेल तर पोराच्या चुकीची किंमत कमी होते. प्रश्न परदेशी खेळाडूचा नाहीच, त्याच्या शेजारची जागा कुणाला द्यायची याचा आहे.

काही जण मधली वाट सुचवतात: पोरांचा वेगळा संघ करा, तिथे खेळू दे. इंडियन ॲरोज हा तो प्रयोग. २०१७ च्या विश्वचषकानंतर तो संघ नव्यानं उभा राहिला आणि थेट आय-लीगमध्ये उतरला. पहिल्याच सामन्यात बांबोळीला चेन्नई सिटीला ३-० हरवलं. त्यातले दोन गोल कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे. बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला हा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. हंगाम संपला तेव्हा ॲरोज तळाला होते, आणि टीकाकारांना तेवढंच दिसलं. मला दुसरं दिसतं. २५ मार्च २०२१ ला दुबईत भारत ओमानशी १-१ असा खेळला, त्या रात्री दहा जणांनी भारतासाठी पदार्पण केलं. त्यांत जिक्सन सिंग, सुरेश वांगजाम आणि अपुइया हे तिघे मिडफिल्डर होते, तिघेही त्याच विश्वचषकाच्या संघातले आणि ॲरोजकडून मोठ्यांशी भिडलेले. हरत हरत शिकले. तरी ही वाट पुरेशी होती असं मी म्हणणार नाही. अकराही जण पोरंच असतील तर चूक झाल्यावर सावरून घेणारं मैदानात कोणी नसतं, आणि खालच्या श्रेणीत जाण्याची भीती नसलेल्या संघात गुणांची धास्तीही कळत नाही. २०२२ मध्ये ॲरोज बंद झाला. त्याची जागा पहिल्या संघांनीच घ्यायला हवी होती.

मी अंजनवेलचा. गोपाळगडाखाली वाशिष्ठी समुद्राला मिळते आणि वेलदूरच्या होड्या त्याच मुखातून ये-जा करतात. जाणता तांडेल नवख्या खलाशाच्या हाती सुकाणू देतो ते बाहेर, मोकळ्या पाण्यात, स्वतः शेजारी उभा राहून. मुखाशी वाळूचा दांडा असतो, लाटा फुटतात. तिथे सुकाणू पुन्हा तांडेलाच्या हाती. मात्र ‘आधी सुकाणू धरायला शीक, मग होडीत ये’ असं कुठलाही तांडेल म्हणत नाही. मला पोरांसाठी एवढंच हवं आहे. पहिल्याच दिवशी बाद फेरीत, बरोबरीच्या शेवटच्या दहा मिनिटांत त्याला उतरवा, असा माझा हट्ट नाही.

आणि पोराला असं सांभाळून उतरवणं आता सोयीचंही झालं आहे. पूर्वी प्रशिक्षकाकडे तीनच बदल असायचे. एक दुखापतीत जायचा, एक राखून ठेवायचा, उरला एक. २०२० पासून पाच बदल मिळतात, आणि २०२२ मध्ये तो नियम कायमचा झाला. दोन गोलांची आघाडी असताना साठाव्या मिनिटाला पोरगं उतरवण्यात आता धोका तो काय? तरीही लांबलेल्या वेळेत, घड्याळ खाण्यासाठी, दीड मिनिटासाठी पोराला आत पाठवतात आणि त्याला ‘संधी’ म्हणतात. दीड मिनिटात बॉलला पायही लागत नाही. त्यावरून त्याची परीक्षा झाली असं समजणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता शरीराचा मुद्दा, जो मला खरोखर विचार करायला लावतो. बार्सिलोनाच्या पेद्रीनं २०२०-२१ मध्ये, अठराव्या वर्षी, क्लब आणि देश धरून सत्तरहून अधिक सामने खेळले. युरो चषक झाला, तसाच ऑलिंपिकला गेला. पुढच्या हंगामात मांडीच्या स्नायूनं त्याला पुन्हा पुन्हा बाहेर बसवलं. विरोधक हे उदाहरण देतात, त्यांनी द्यावंच. पण त्यातून सिद्ध काय होतं? पेद्री तयार नव्हता, हे नक्कीच नाही. त्या वर्षी तो युरोचा सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. सिद्ध हे होतं की मोठ्यांनी त्याचे सामने मोजले नाहीत. पोराला पहिल्या संघात घेणं आणि त्याला पिळून काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीच्या भीतीनं पहिली नाकारता येत नाही. आपल्याकडे तर रोग उलटा आहे. आपली पोरं जास्त खेळून जायबंदी होण्याऐवजी न खेळून गंजतात.

पोरांना खेळवा, हे कोल्हापूरकरांना सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहार तालमीचा सामना असतो तेव्हा हजारो लोकांच्या आरोळ्यांत कॉलेजातली पोरं खेळतात, आणि पलीकडे तालमीचे मुरलेले खेळाडू असतात. दडपण सहन होणार नाही, हा आक्षेप तिथे टिकतच नाही. आमच्या गुहागर तालुक्यातल्या एखाद्या पोराला तसं मैदान हवं असेल तर कुंभार्ली घाट चढून तिकडेच जावं लागतं. असं पोर घर सोडून जातं, तेव्हा बेंचवरची उशी गरम करायला जात नाही.

एवढं सगळं मान्य करूनही एखादा प्रशिक्षक म्हणेल, ‘माझ्या संघात यंदा जागाच नाही.’ शक्य आहे. मग त्याला जिथे जागा आहे तिथे पाठवा. दिनामो झाग्रेबनं अठरा वर्षांच्या लुका मॉड्रिचला बॉस्नियातल्या झ्रिन्स्की मोस्तारकडे उसनं दिलं होतं. तिथली मैदानं खडबडीत, खेळ दांडगा, आणि हा अंगानं किरकोळ. तिथे तो पूर्ण हंगाम खेळला, आणि ज्याच्या अंगकाठीवर शंका घेतली जायची त्यानं २०१८ मध्ये बॅलन दी’ओर घेतला. उसनं देणं म्हणजे पोराला कटवणं नव्हे, पण अट एकच: तिकडे त्याची मिनिटं ठरलेली हवीत.

यापुढं ज्याला ‘अजून तयार नाही’ असं म्हणायचं असेल, त्यानं सोबत तीन गोष्टी त्या पोराला तोंडावर सांगाव्यात. कमी कुठे पडतोस, ते भरून काढायला कोणत्या सामन्यांत किती मिनिटं देणार आहे, आणि पुन्हा कधी बघणार आहे. हे सांगता येत नसेल, तर येत्या सामन्यात साठाव्या मिनिटाला त्याला उतरवा.