सूर जुन्या लाकडात नसतो

‘1962 सालचा जॅझ बेस एकदा गळ्यात अडकवून बघा, मग नव्या वाद्याला हात लावावासा वाटणार नाही.’ बेस गिटार वाजवणाऱ्यांमध्ये हे मत इतक्या ठामपणे सांगितलं जातं की नवशिक्याला तो सिद्धांतच वाटतो. आपल्याला हवा तो आवाज निघत नाही याचं कारण मग तो रियाजात शोधत नाही. आपलं वाद्य पुरेसं जुनं नाही, अशी स्वतःची समजूत घालतो. हा समज चुकीचा आहे आणि वादकाचं नुकसान करणारा आहे. त्याचा मुद्देसूद समाचार घ्यायला हवा.

वाद कशाचा आहे ते आधी पाहू. लिओ फेंडर या कॅलिफोर्नियातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने 1951 साली प्रिसिजन बेस बाजारात आणला. 1957 साली त्याला दोन भागांत विभागलेला, आज सर्वांच्या ओळखीचा पिकअप मिळाला आणि 1960 साली त्याच्या जोडीला जॅझ बेस आला. जानेवारी 1965 मध्ये सीबीएस कंपनीने फेंडरचा सगळा व्यवसाय 1 कोटी 30 लाख डॉलरना विकत घेतला. संग्राहकांच्या लेखी ही तारीख म्हणजे लक्ष्मणरेषा. अलीकडचं सोनं, पलीकडचं पितळ. रेषेच्या अलीकडच्या वाद्यांना आज कित्येक लाखांचा भाव आहे. त्याच आराखड्यावर आज नव्याने बनणाऱ्या वाद्यांना रीइश्यू म्हणतात आणि ती त्या मानाने फार थोड्या पैशांत मिळतात.

व्हिंटेजवाल्यांचं म्हणणं चार मुद्द्यांत मांडता येईल. ज्या ध्वनिमुद्रणांनी बेसचा आवाज घडवला ती याच वाद्यांवर झाली. साठ वर्षं मुरलेलं लाकूड नव्या लाकडापेक्षा अधिक बोलतं. हाताने गुंडाळलेले पिकअप आणि पातळ नायट्रोसेल्युलोज लॅकर आज त्या गुणाचे मिळत नाहीत. आणि चौथं, जुन्या वाद्यात घातलेला पैसा वाढतच जातो.

पहिला मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो, म्हणून तोच आधी घेतो. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठी जेम्स जेमर्सनने जे बेस वाजवले त्यावर पुढच्या सगळ्या पिढ्या शिकल्या. त्याचं मुख्य वाद्य होतं 1962 सालचा प्रिसिजन. पण साठच्या दशकात तो ते वाजवत होता तेव्हा त्या वाद्याचं वय किती होतं? दोन, चार, फार तर सात-आठ वर्षं. आज आपण ज्याला मुरलेल्या लाकडाचा आवाज म्हणतो तो खरं तर नव्या लाकडाचा आवाज आहे. त्या वाद्यावर जुन्या होत्या त्या तारा. जेमर्सन जाड, सपाट वेढ्यांच्या तारा लावायचा आणि तुटेपर्यंत बदलायचा नाही. ब्रिजच्या झाकणाखालच्या फोममुळे सूर लवकर दबायचा. तारा फ्रेटपासून बऱ्याच उंच असायच्या आणि तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने छेडायचा. त्या आवाजाची ही सगळी कारणं आजच्या रीइश्यूवर एका संध्याकाळी जमवता येतात. फक्त जेमर्सनचं बोट तेवढं जमवता येत नाही, आणि ते 1962 सालच्या वाद्याबरोबरही मिळत नाही.

दुसरं उदाहरण तर लक्ष्मणरेषेच्या पलीकडचं आहे. बेसवादक मार्कस मिलरचा जॅझ बेस 1977 सालचा, म्हणजे सीबीएसच्या ज्या काळाला संग्राहक नाकं मुरडतात त्या काळातला. जड लाकूड, नेक चारऐवजी तीन स्क्रूंवर जोडलेला. तो बनल्यावर चार वर्षांच्या आत मिलर माइल्स डेव्हिसच्या ‘द मॅन विथ द हॉर्न’वर वाजवत होता. न्यूयॉर्कच्या रॉजर सॅडॉव्स्कीने त्याच्या वाद्यात प्रीअँप बसवला आणि पुढे अंगठ्याने ठोकून वाजवण्याच्या शैलीचा तोच नमुना ठरला. ‘वाईट’ काळातलं, फेरफार केलेलं वाद्य एका पिढीचा आदर्श आवाज देत असेल, तर ती 1965 ची रेघ कानाने आखलेली नाही, बाजाराने आखलेली आहे.

आता लाकडाकडे वळू. लाकूड वाळतं, हलकं होतं, हे खरं. पण कारखान्यात येणारं लाकूड आधीच वाळवलेलं असतं, आणि नंतर ते भोवतालच्या हवेतल्या ओलाव्याशी जुळवून घेत राहतं. साठ वर्षांनीही ते दर पावसाळ्यात ओलावा घेतंच. शिवाय इलेक्ट्रिक बेसचं धड भरीव असतं. व्हायोलिनसारखं पोकळ पेटीतून हवा हलवायचं काम त्याच्याकडे नाही. लाकडाचा परिणाम होतो तो तारेचा सूर किती काळ टिकतो यावर, आणि त्यातही नेकचा वाटा मोठा असतो. फेंडर पद्धतीच्या बेसवर ‘जी’ (G) तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर बाकीच्यांपेक्षा लवकर मरतो. वादक त्याला डेड स्पॉट म्हणतात. त्या स्वराची कंपनं नेकच्या स्वतःच्या कंपनांशी जुळतात आणि तारेची शक्ती नेक गिळतो. ध्वनिशास्त्रज्ञांनी हे मोजलेलं आहे. हा दोष जुन्या वाद्यातही असतो आणि नव्यातही. वयाने तो बरा होत नाही.

‘तुम्ही काहीही मोजा, जाणकाराला फरक कळतोच’ असा प्रतिवाद येतो. बेसपेक्षा कितीतरी जुन्या आणि महागड्या वाद्यांच्या बाबतीत हा दावा तपासून झाला आहे. संशोधक क्लॉडिया फ्रिट्झ आणि व्हायोलिन बनवणारे जोसेफ कर्टिन यांनी 2010 साली इंडियानापोलिसमध्ये 21 व्हायोलिनवादकांना काळे गॉगल लावून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी होती आणि तीन जुनी, त्यांत दोन स्ट्रॅडिव्हरियसची. सर्वांत जास्त पसंती मिळाली एका नव्या व्हायोलिनला आणि सर्वांत कमी एका स्ट्रॅडिव्हरियसला. दोन वर्षांनी पॅरिसजवळ दहा नामवंत एकलवादकांवर पुन्हा तसाच प्रयोग झाला, त्यातल्या सहा जणांनी नवं वाद्य निवडलं. जुनं कुठलं आणि नवं कुठलं, हे ओळखण्यात त्यांचे अंदाज नाणं उडवल्याइतकेच खरे ठरले. तीनशे वर्षांच्या पोकळ व्हायोलिनच्या बाबतीत डोळे झाकल्यावर जी श्रद्धा टिकत नाही, ती साठ वर्षांच्या भरीव फळीच्या बाबतीत टिकेल असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

तिसरा मुद्दा पिकअप आणि लॅकरचा. पिकअप म्हणजे अल्निकोचे चुंबक आणि त्यांभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्या काळी कामगार बायका यंत्रावर तार हाताने सोडत असत, त्यामुळे वेढ्यांची संख्या आणि ताण प्रत्येक पिकअपमध्ये थोडा वेगळा यायचा. म्हणजे ‘1962 चा आवाज’ असा एकच आवाज कधी नव्हताच. जितकी वाद्यं तितके आवाज. लॅकरचंही तेच. लाकडाला श्वास घेऊ देणारा मुलामा म्हणून ज्याची महती गातात तो मुळात मोटारींचा रंग. लेक प्लॅसिड ब्लू हा कॅडिलॅक गाडीचा रंग होता आणि तो ॲक्रिलिकचा होता, नायट्रोसेल्युलोजचा नव्हताच. रंगाखाली लाकडाची रंध्रं बुजवणारा थर असायचा. बुजलेल्या रंध्रांतून लाकूड कसलं श्वास घेणार?

चौथा मुद्दा पैशाचा. इथे व्हिंटेजवाल्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धसत्यच वादकाच्या मुळावर येतं. जुन्या वाद्याचा भाव त्याच्या अस्सलपणावर ठरतो. फ्रेट झिजले म्हणून बदलले, भाव उतरला. पुन्हा रंगवलं तर तो फारच कोसळतो. खरेदीदार पुढची कंट्रोल प्लेट किंवा पिकगार्ड काढून आतल्या पोटेन्शिओमीटरवरचे आकडे वाचतो: 3046213 असा क्रमांक असेल तर 304 म्हणजे स्टॅकपोल कंपनी, 62 म्हणजे 1962 साल आणि 13 म्हणजे त्या वर्षातला तेरावा आठवडा. मग जोडणीवरचं कथिल कधी हललंय का ते बघतो, नेकच्या टाचेवरचा शिक्का जुळतो का ते पडताळतो. या सगळ्या तपासणीत वाद्य वाजतं कसं, हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. वाद्य वाजवलं की झिजणार आणि झिजलं की दुरुस्त करावं लागणार. ज्या वस्तूची दुरुस्ती करणं म्हणजे नुकसान, ती वस्तू गुंतवणूक असेल. रोज वाजवायचं वाद्य ती उरत नाही.

भारतात बसून असं वाद्य मागवणाऱ्यापुढे आणखी एक अडचण उभी राहते. साठच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या फेंडरच्या शिसवी फिंगरबोर्डचं लाकूड ब्राझीलचं. 1992 पासून दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या साइट्स करारानुसार त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंधनं आहेत. कागदपत्रांत चूक झाली तर वाद्य सीमेवर अडकतं. आणि गंमत नव्हे, वस्तुस्थिती अशी की पुढे ब्राझीलचं लाकूड दुर्मीळ झाल्यावर फेंडरने जे वापरलं ते भारतातलं शिसव, सह्याद्रीत वाढणारं, आपल्या जुन्या वाड्यांतल्या पलंगांचं आणि कपाटांचं. आपल्याच मातीतलं लाकूड दुय्यम समजण्याचं कारण मला तरी सापडलेलं नाही.

मग रीइश्यूच्या बाजूने काय सांगता येतं? मोठा पुरावा खुद्द लिओ फेंडर. कंपनी विकल्यानंतर तो जुन्या आराखड्याच्या नकला करत बसला नाही. म्युझिक मॅनसाठी त्याने 1976 साली प्रीअँप असलेला स्टिंगरे बेस आणला, पुढे जी अँड एल कंपनीत नवे पिकअप आणि नवे ब्रिज बनवले, आणि 1991 साली मृत्यू येईपर्यंत तो सुधारणाच करत राहिला. मुळात त्याने नेक स्क्रूंनी जोडला तोच झिजला तर बदलता यावा म्हणून. आपल्या वाद्याची पूजा व्हावी अशी त्याची रचना नव्हती. ते वापरलं जावं, दुरुस्त व्हावं, पुन्हा बनावं, हा त्याचा हेतू होता. रीइश्यू त्या हेतूशी अधिक प्रामाणिक आहे.

दुसरा पुरावा काळाने दिला आहे. 1982 साली फेंडरने 1957 आणि 1962 च्या आराखड्यांवरचे पहिले रीइश्यू आणले; त्याच वर्षी जपानमध्ये मात्सुमोतोच्या फुजिगेनने फेंडरसाठी जेव्ही क्रमांकाची वाद्यं बनवायला सुरुवात केली. तेव्हा ती ‘नक्कल’ होती. आज त्याच वाद्यांना चाळीस वर्षं उलटली आणि बाजार त्यांनाच व्हिंटेज म्हणून चढ्या भावाने विकतो. वाद्य तेच, लाकूड तेच. बदललं ते लेबल.

रीइश्यू विकणाऱ्यांचे सगळे दावेही मला मान्य नाहीत. कारखान्यात मुद्दाम ओरखडे काढून, रंग उडवून ‘रेलिक’ म्हणून जादा दाम घेतात. त्यातून आवाजात काडीचाही फरक पडत नाही, तो पैसा वाचवावा. ‘स्क्रूपर्यंत अस्सल’ हा दावाही नेहमी गुणाचा नसतो. जुन्या आराखड्यात नेकचा वाक सांभाळणाऱ्या ट्रस रॉडचं टोक नेकच्या धडाकडच्या बाजूला असतं, त्यामुळे वाक सुधारायला बहुधा तारा सैल करून नेक सोडवावा लागतो. मुंबई-कोकणच्या हवेत जून आणि डिसेंबरमध्ये नेक वेगवेगळा वाकतो. तिथे हे टोक डोक्याकडे असलेला, किंवा नेकमध्ये ग्रॅफाइटच्या पट्ट्या असलेला नवा बेस कधीही बरा. जुन्या आराखड्याचे गुण ठेवावेत, त्याचे दोष सांभाळत बसू नये.

आणि वाद्य कुठलंही घ्या, ते लावून घेणं महत्त्वाचं. मिरजेचा कितीही नामी तंबोरा आणला तरी जवारी नीट लागली नसेल तर तो बोलत नाही. बेसचं तेच आहे. नेकला किंचित वाक, शेवटच्या फ्रेटांकडे तारेची उंची दोन ते अडीच मिलिमीटर, पिकअप तारांपासून योग्य अंतरावर, प्रत्येक तारेचा सूर वरच्या फ्रेटवरही जुळणारा: हे काम जाणत्या कारागिराकडून करून घेतलं की हजारोंचा बेस लाखोंच्या बेसशेजारी मान वर करून उभा राहतो.

जुनी वाद्यं टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. बेसवादक जॅको पास्तोरियसने 1962 च्या ज्या जॅझ बेसचे फ्रेट उपटून त्यावर होड्यांचं इपॉक्सी चढवलं, तो 1986 साली न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेला. कित्येक वर्षांनी तो सापडल्यावर मेटॅलिकाचा बेसवादक रॉबर्ट ट्रूहियो याच्या मदतीने तो जॅकोच्या कुटुंबापर्यंत पोहोचला, हे फार चांगलं झालं. अशी वाद्यं इतिहासाचे दस्तऐवज आहेत. ती जपावीत, मोजावीत, अभ्यासावीत, कारण ती नसती तर चांगले रीइश्यूही बनले नसते. पण एक लक्षात ठेवा: जॅकोने ते वाद्य मिळालं तसं जपून ठेवलं असतं, तर आज त्याला कुणी ओळखलंही नसतं.

म्हणून बेस घ्यायला निघालेल्या वादकाला माझं सांगणं स्पष्ट आहे. संग्रह करायचा असेल तर जुनं घ्या, आणि संग्राहकाच्या शिस्तीने घ्या. वाजवायचं असेल तर हाताला बसणारा, डेड स्पॉट तपासलेला रीइश्यू घ्या, दोन प्रकारच्या तारा लावून बघा, कारागिराकडून तो नीट लावून घ्या. उरलेले पैसे शिकण्यावर, चांगल्या ॲम्प्लिफायरवर आणि चांगला ड्रमर शोधण्यावर खर्च करा. दुकानात वाद्य निवडताना मित्राला ते हातात द्यायला सांगा आणि डोळे मिटून वाजवा. किमतीची चिठ्ठी शेवटी वाचा.