क्षीण विश्वासाची प्रार्थना

मनुष्याचा विश्वास सदैव एकाच पातळीवर राहत नाहीं. ओढ्याच्या पाण्याप्रमाणें तो कधीं दुथडी भरून वाहतो, तर कधीं वैशाखांत वाळूखालीं दडतो. ही गोष्ट बहुतेकांच्या अनुभवाची असूनही तिजविषयीं आपण फारसें बोलत नाहीं. उपासनेच्या वेळीं शेजारीं बसलेला प्रत्येक जण आपणाहून अधिक भाविक आहे अशी समजूत करून घेऊन जो तो आपल्या मनाची कोरड आपल्यापाशींच लपवितो. म्हणून या विषयावर दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कांहीं महिन्यांपूर्वीं एक विद्यार्थी वर्ग सुटल्यावर आमच्याकडे आला. त्याचे वडील वारल्यास फार दिवस झाले नव्हते. तो म्हणाला, “सर, सकाळच्या प्रार्थनेंत माझे ओठ हलतात, पण मनांत कांहींच नसतें. देवाचे उपकार माना असें सांगतात तेव्हां तर रागच येतो. मग मी तेथें उभा राहतों हें ढोंग नव्हे काय?” प्रश्न प्रामाणिक होता, आणि त्याचें उत्तर एका वाक्यांत देण्याजोगें नव्हतें. आम्हीं त्यास जें सांगितलें, त्याचाच येथें थोडा विस्तार करीत आहों.

प्रथम ढोंगाविषयीं. प्रभु येशूनें ढोंग्यांस दोष दिला तो ते लोकांना दिसावें म्हणून चवाठ्यावर उभे राहून प्रार्थना करीत यासाठीं. जो आपलें रितें मन देवापुढें रितें म्हणूनच ठेवितो, त्याला हा दोष लागत नाहीं. मार्ककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत एका आजारी मुलाचा बाप येतो. तो विश्वास असल्याचें सांगतो आणि त्याच श्वासांत आपल्या अविश्वासावर साहाय्य मागतो. प्रभूनें त्यास, “आधीं विश्वास पुरा कर, मग ये,” असें म्हणून परत धाडलें नाहीं. त्याचा मुलगा बरा केला. यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, प्रार्थना ही बळकट विश्वासाच्या लोकांनाच शोभणारी वस्तु नव्हे. आजाऱ्यानें बरें झाल्यावर वैद्याकडे जावें असें कोणी म्हणत नाहीं!

पवित्र शास्त्रांतील स्तोत्रसंहिता पाहा. तींतील 150 स्तोत्रांपैकीं कितीतरी विलापाचीं आहेत. 88 वें स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखानेंच संपतें. शेवटीं आशेचा किरणही नाहीं. तरी तें शास्त्रांतून कोणीं काढून टाकलें नाहीं, कारण तो अंधारही देवापुढेंच उच्चारलेला आहे. वधस्तंभावर स्वतः प्रभूच्या मुखांतून जो आक्रोश निघाला, तो 22 व्या स्तोत्राचा आरंभ होय.

आतां आपल्या देशांतील दोन उदाहरणें घेऊं. पंडिता रमाबाईंनीं 1883 सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. परंतु 1907 सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षींत त्या स्पष्ट सांगतात कीं, आपणांस तेव्हां ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. ती उणीव भरून येण्यास आणखी कित्येक वर्षें लागलीं. मधल्या काळांत त्या स्वस्थ बसल्या काय? नाहीं. 1889 सालीं मुंबईस शारदासदन त्यांनीं याच काळांत उघडलें. दुसरें उदाहरण कलकत्त्याच्या मदर तेरेसा यांचें. 1997 सालीं त्या निवर्तल्यावर दहा वर्षांनीं त्यांचीं खासगी पत्रें छापलीं गेलीं, तेव्हां जगास कळलें कीं, थोडासा अवकाश वगळतां सुमारें पन्नास वर्षें त्यांना अंतःकरणांत देवाचें सान्निध्य जाणवत नव्हतें. तरी त्यांची नित्य प्रार्थना व रोग्यांची सेवा चुकली नाहीं. भावना ओसरली तरी निष्ठा टिकूं शकते, हें या दोघींनीं दाखवून दिलें.

उपकारस्तुतीविषयीं मात्र जपून बोलावें लागतें. ज्याच्या घरावर दुःख कोसळलें आहे, त्यास त्या दुःखाबद्दलच आभार मान म्हणणें हें निष्ठुरपणाचें आहे. शास्त्राचीही तशी आज्ञा नाहीं. लाजराच्या कबरेपाशीं प्रभु रडला. तेव्हां आधीं रडूं द्यावें. मग जें खरोखर मिळालें आहे, तेवढ्याचीच मोजदाद करावी. आपल्यासाठीं पहांटे भाकरी कोणीं थापली? शाळेच्या माठांत पाणी कोणीं भरलें? समाचाराला येऊन कोण मुकाट्यानें जवळ बसलें? या माणसांचे आभार मानावयास बळकट विश्वास लागत नाहीं. ज्या मुलांचा धर्म वेगळा आहे, त्यांनाही हें साधेल. आणि माणसांचे आभार मानतां मानतां त्या सर्वांच्या दात्याकडे दृष्टि वळते, असा आमचा अनुभव आहे. दहा कुष्ठरोगी बरे झाले, पण आभार मानावयास एकच परतला, आणि तो शोमरोनी होता. ते दहाही बरे झाले ते वाटेनें जात असतां, हेंही ध्यानांत घ्यावें. पाऊल आधीं पडलें, गुण मागून आला.

आणखी एक गोष्ट. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत ‘माझा’ असा शब्दच नाहीं. बापही ‘आमचा’, भाकरही ‘आमची’, आणि तीही एका दिवसापुरती. चौघांनीं पक्षाघाती मनुष्यास छपरांतून खालीं सोडिलें, तेव्हां प्रभूनें त्यांचा विश्वास पाहिला असें शुभवर्तमान सांगतें. बाजेवर पडलेल्याच्या विश्वासाची झडती कोणीं घेतली नाहीं. तेव्हां विद्यार्थीमित्रहो, ज्या दिवशीं तुमच्यानें प्रार्थना होत नाहीं, त्या दिवशीं शेजाऱ्याची प्रार्थना तुम्हांस उचलून धरीत असते. उद्यां तुम्ही त्याच्या बाजेचा एक कोपरा धराल. यासाठींच एकत्र उभें राहावयाचें.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलानें, “मला प्रार्थना करावीशी वाटत नाहीं,” असें म्हटलें, तर त्यावर रागावूं नये व त्यास नास्तिकही ठरवूं नये. मुलाला लटकें बोलावयाची संवय लागली, तर ती मोडणें फार कठीण जातें. खरें बोलणारें मूल देवाच्या अधिक जवळ असतें. त्याचें सारें ऐकून घ्यावें, आणि रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं त्याच्याजवळ बसून आपण स्वतः दोन वाक्यें प्रार्थना करावी. त्यानें ‘आमेन’ म्हटलेंच पाहिजे असा हट्ट धरूं नये.

विद्यार्थ्यांस एवढेंच सांगतों. प्रार्थनेची वेळ ठरलेली असावी, मनाच्या लहरीवर सोडूं नये. शब्द सुचले नाहींत तर एखादें स्तोत्र मोठ्यानें वाचावें. दिवसाकांठीं एका माणसाचे नांव घेऊन आभार मानावे. आणि जें वाटत नाहीं तें वाटतें असें देवाला कधींही सांगूं नये. विश्वास मोहरीच्या दाण्याएवढा असला तरी प्रभूनें त्यास थोडा म्हटलें नाहीं. दाणा मात्र मातींत पडला पाहिजे.