सुरतेच्या बंदरात एक रोमन यात्रेकरू

सुरत हे नाव उच्चारले की मराठी माणसाला प्रथम आठवते ती शिवाजी महाराजांची सन १६६४ ची स्वारी. त्या धामधुमीत कापुचिन धर्मगुरू फादर आंब्रोझ यांच्या घराला महाराजांनी धक्का लागू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेवले आहे. पुष्कळ वाचकांना ही हकीकत ठाऊक असेल. आज मात्र आपण त्याच्याही ४१ वर्षे आधीच्या सुरतेत जाऊ या. वाट दाखवायला बरोबर एक इटालियन गृहस्थ आहेत.

पिएत्रो देल्ला वाल्ले हे त्यांचे नाव. रोमच्या एका खानदानी घराण्यात १५८६ साली त्यांचा जन्म झाला. तरुणपणी प्रेमभंगाने मन विटले, तेव्हा त्यांनी पवित्र भूमीच्या यात्रेचे व्रत घेतले आणि १६१४ साली व्हेनिसहून जहाजात पाऊल ठेवले. स्वतःला ते ‘यात्रेकरू’ म्हणवीत. कोठेही घाई नाही. जेथे जावे तेथे राहावे, तेथील भाषा शिकावी आणि जे पाहिले ते नेपल्सच्या मारिओ स्किपानो या वैद्यमित्राला सविस्तर पत्राने कळवावे, असा त्यांचा परिपाठ होता. जेरुसलेमची यात्रा आटोपून ते बगदादला आले. तेथे सित्ती मआनी या सिरियन ख्रिस्ती तरुणीशी १६१६ साली त्यांनी विवाह केला.

मआनी प्रवासात सावलीसारखी त्यांच्याबरोबर राहिली. हिंदुस्थानात जाण्यासाठी दोघे इराणच्या किनाऱ्यापर्यंत आली, परंतु हुर्मुझ बेटासाठी युद्ध पेटले आणि समुद्राची वाट बंद झाली. त्या दमट, रोगट प्रदेशात ज्वराने गाठून, डिसेंबर १६२१ च्या अखेरीस, ऐन तारुण्यात मआनी निवर्तली. परक्या मुलखात तिला एकटीला ठेवून जायला पिएत्रोंचे मन धजेना. त्यांनी तिच्या देहाला कापूर भरून तो शवपेटीत ठेवला आणि रोममधील आपल्या कुळाच्या थडग्यातच तिला विसावा द्यावयाचा असा निश्चय केला. मआनीने मायेने सांभाळलेली मारिया नावाची एक अनाथ जॉर्जियन मुलगीही त्यांच्या पदरात होती.

अशा स्थितीत फेब्रुवारी १६२३ मध्ये एका इंग्रज जहाजातून हा विधुर सुरतेजवळच्या सुवाळी बंदरात उतरला. इतर सामानात लपविलेली ती पेटी बरोबर होतीच. वाचकहो, एवढे ओझे घेऊन आलेला माणूस नव्या शहरात डोळे उघडून काही पाहील, अशी अपेक्षा आपण करणार नाही. परंतु पिएत्रोंनी सुरत पाहिली, आणि तीही सावकाश, एखाद्या सोयऱ्याचे घर पाहावे तशी. जकातनाक्यावरची कसून झडती, लाल वस्त्रांनी मढविलेले, गळ्यात घुंगरांच्या माळा असलेले पांढरे बैल आणि घोड्यांसारख्या भरधाव पळणाऱ्या त्यांच्या गाड्या यांचे वर्णन त्यांच्या पत्रात आहे. गोपी नावाच्या एका धनिकाने बांधलेल्या विस्तीर्ण तलावापाशी ते थांबले. एका खाजगी माणसाने लोकांसाठी एवढे मोठे काम करावे, याचे त्यांना कौतुक वाटले. शहरात हिंदू अधिक, सत्ता मुसलमान बादशहाची. तरी सारे आपापल्या धर्माने एकमेकांत शांतपणे नांदतात, ही गोष्टही त्यांनी मुद्दाम नोंदविली. ज्या काळी युरोपात धर्मासाठी तीस वर्षांचे युद्ध चालू होते, त्या काळची ही नोंद आहे. मार्च महिन्यात वसंताचा सण आला, तेव्हा रस्त्यांतून नाचणारे आणि एकमेकांवर रंग उडविणारे लोकही त्यांनी पाहिले.

मध्यंतरी ते खंबायतला जाऊन आले. तेथे पाखरांचे एक रुग्णालय होते. लंगड्या, आजारी, जोडीदार गमावलेल्या पक्ष्यांची तेथे शुश्रूषा होई. पोरक्या झालेल्या उंदराच्या चिमुकल्या पिलांना कापसात ठेवून, नाकावर चष्मा चढवून, पिसाने दूध पाजणारा एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध त्यांनी तेथे पाहिला. रोममधील मोठमोठ्या कलाकृती पाहिलेल्या या माणसाने हे चित्रही तितक्याच आस्थेने शब्दांत उतरविले आहे.

पुढचा मुक्काम दमणचा. तेथील येशूसंघीय रेक्टरांच्या पंक्तीला पिएत्रोंनी पपई, काजू, जांब, आंबा आणि अननस ही फळे प्रथम चाखली. ती युरोपच्या फळांहून मुळीच कमी नाहीत, असा निर्वाळा देऊन त्यांनी पपईची विशेष वाखाणणी केली. आपल्या परसातली पपई! हिंदुस्थानातले लोक तिची फारशी किंमत करीत नाहीत, हेही त्यांच्या लक्षात आल्यावाचून राहिले नाही. पुढे किनाऱ्याने चौलवरून ते गोव्याला गेले. संत फ्रान्सिस झेविअर आणि संत इग्नेशियस यांना १६२२ साली संतपद मिळाले होते. त्यानिमित्तचा गोव्यातील उत्सव त्यांनी पाहिला. कर्नाटकात इक्केरी येथे सती जाण्यास निघालेल्या एका विधवेची त्यांनी मुद्दाम भेट घेतली आणि तिने जगावे म्हणून तिचे मन वळविण्याचा प्रयत्न केला. तो निष्फळ ठरला. स्वतः वियोग सोसलेला हा पुरुष त्या स्त्रीशी काय बोलला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पिएत्रो १६२६ साली रोमला पोहोचले. पुढील वर्षी कॅपिटोल टेकडीवरील आराचेली चर्चमध्ये मआनीला मूठमाती मिळाली. मृत्यूनंतर पाचहून अधिक वर्षे तिचा देह पतीबरोबर देशोदेशी हिंडला होता. अंत्यविधीच्या भाषणात पिएत्रोंना हुंदका आवरेना. पुढे त्यांनी त्या मारियाशीच विवाह केला, आणि संसार पुन्हा फुलला. ते १६५२ साली वारले. हिंदुस्थानातली त्यांची पत्रे त्यांच्या पश्चात, १६६३ मध्ये, छापून निघाली.

आता आपल्याकडून यात्रेकरूंचे जथे रोमला जातात. आठ-दहा दिवसांत चार-पाच शहरे उरकायची, दारात छायाचित्र काढायचे आणि पुन्हा गाडीत बसायचे, असा पुष्कळदा क्रम असतो. त्यांपैकी कोणी आराचेलीच्या १२४ पायऱ्या चढून गेलेच, तर सुरतेवरून तेथे पोहोचलेल्या मआनीसाठी क्षणभर हात जोडावेत. आणि ज्यांना रोमची वाट परवडत नाही, त्यांनी खंत करू नये. वसईहून सुरत आगगाडीने काही तासांची वाट आहे. गोपी तलाव आजही तेथे आहे; तापीकाठचा किल्ला आहे; इंग्रज व डच व्यापाऱ्यांची घुमटदार थडगी आहेत. हिवाळ्यात गेलात तर कोवळ्या ज्वारीचा पोंक खा, उंधियू खा, येताना मुलांसाठी नानखटाई आणा. पण जाल ते सवडीने जा. दुःखाचे ओझे कोणाला चुकले आहे? ते उतरल्यावर जग पाहू म्हणणाऱ्याला जग कधीच दिसत नाही. पिएत्रोंनी ते ओझे बरोबर घेतले, आणि तरीही परक्याच्या घरची पपई गोड मानून खाल्ली.